परक्या घरची भाकरी

मैत्रिणींनो, माणसाला देवावरची श्रद्धा कुठून मिळते, असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो, आईकडून, आजीकडून, घरातल्या देवघरातून. ते खरंच आहे. पण ती श्रद्धा टिकते कशावर आणि बदलते कशामुळे, हे शोधायला गेलं की उत्तर एवढं सोपं राहत नाही.

गेली बरीच वर्षं मी आमच्या गावात महिला मंडळाचं आणि समुपदेशनाचं काम करते. टाकलेल्या, मारझोड सोसलेल्या, रातोरात घराबाहेर काढलेल्या बायका आमच्याकडे येतात. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला सारखी जाणवते. सासरी काय काय बोलणी खाल्ली, ते त्या विसरायला बघतात. पण एसटी स्टँडवर कुणा अनोळखी बाईने रडणाऱ्या लेकराला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, कुणी बसायला जागा करून दिली, कुणी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली, हे त्यांना दहा-दहा वर्षांनीही लख्ख आठवतं. आणि ते सांगताना बहुतेक जणी हेही सांगतात, की त्या वेळी देव आहे असं वाटलं.

हे ऐकलं की मला हमखास पंडिता रमाबाई आठवतात. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याविषयी चार ओळी वाचलेल्या असतात. मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ख्रिस्ती झाल्या, संपलं. त्यातलं ख्रिस्ती झाल्या हे एवढंच आपल्याकडे जास्त चघळलं गेलं. कुणी म्हणालं फसवलं, कुणी म्हणालं बाटवलं, कुणी म्हणालं विलायतेच्या मोहाने गेली. पण त्या बाईने आयुष्यात काय काय पाहिलं होतं आणि कुणाकुणाच्या हातचं काय काय घेतलं होतं, ते एकदा नीट बघायला हवं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. मंगळूरकडच्या सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ नावाच्या ठिकाणी त्यांच्या वडिलांचा आश्रम होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात बाईमाणसाला संस्कृत म्हणताना त्यांनी तरुणपणी ऐकलं होतं, आणि आपल्या बायकोलाही संस्कृत शिकवायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्या काळात ही गोष्ट म्हणजे केवढा गहजब! विरोध झालाच. मग ते संसार घेऊन जंगलात जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवलं. पुढे रमाला संस्कृत शिकवलं ते या आईनेच. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला लहान वयातच तोंडपाठ होते.

गंगामूळ हे तीर्थाचं ठिकाण, त्यामुळे यात्रेकरूंचा राबता. शास्त्रीबोवांच्या घरी विद्यार्थी असायचे आणि आलेला अतिथी जेवल्याशिवाय जायचा नाही. चूल दिवसभर पेटलेली. आता दाणागोटा किती दिवस पुरणार? अतिथी जेवून गेले आणि घर कर्जात बुडालं. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना सगळं सोडून कुटुंब बाहेर पडलं. त्या तान्ह्या पोरीला वेताच्या पेटीत ठेवून ती पेटी एका माणसाच्या डोक्यावर देऊन, आईवडील, थोरली बहीण आणि भाऊ श्रीनिवास चालायला लागले. म्हणजे बघा, हजारो परक्या माणसांना ज्या घराने जेवू घातलं, तेच घर आता परक्यांच्या दारी पुराण सांगून पोट भरायला निघालं.

असं फिरण्यात पंधराएक वर्षं गेली. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला. देवळाच्या ओवरीत पुराण सांगायचं, लोक दक्षिणा देतील, धान्य देतील, त्यावर राहायचं. मिळेल त्यातलं पुन्हा दानधर्माला द्यायचं. व्रतं, उपास, स्नानं, सगळं शास्त्रात सांगितलं तसं काटेकोर. आणि मग १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला.

या दुष्काळाची हकिगत रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना घास गिळत नाही. आधी गाठीचे पैसे संपले, मग दागिने गेले, मग चांगली वस्त्रं, मग तांब्यापितळेची भांडी. वरच्या जातीचे, शिकलेले, पण मजुरीची सवय नाही आणि भीक मागायची लाज वाटते. शेवटी सगळे जण मरायचं म्हणूनच जंगलात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या वडिलांनी तीर्थाच्या पाण्यात देह सोडायचं ठरवलं. तेव्हा श्रीनिवासने सांगितलं, की शास्त्रीपणाचा अभिमान सोडून मी मजुरी करतो, पण तुम्ही असं करू नका.

तिथून हे सगळे कसेबसे चालत एका गावाला पोचले. देवळात आसरा मागितला तर तिथल्यांनी राहू दिलं नाही. गावाबाहेर एक पडकं देऊळ होतं, जनावरांचा वावर असलेलं. तिथे जाऊन पडले. देवाच्या दारातून देवाचीच माणसं हाकलतात, हे त्या सोळा वर्षांच्या मुलीने पाहिलं. पण त्याच गावातल्या एका तरुण ब्राह्मणाला या कुटुंबाची दया आली आणि त्याने त्यांना खायला आणून दिलं. त्याचं नाव काय, तो कुणाचा कोण, काही नाही. वडील तिथेच तापाने गेले.

पुढे महिना-दीड महिन्याने आई अंथरुणाला खिळली. तापाच्या भरात ती निरनिराळे पदार्थ मागायची. शेवटी तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. घरात काही नाही. रमा शेजारच्या एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. हजारो श्लोक धडाधडा म्हणणाऱ्या त्या मुलीच्या तोंडून भाकर द्या एवढे दोन शब्द निघेनात. नुसतं डोळ्यांतून पाणी. त्या बाईने जास्त काही विचारलं नाही. तिने भाकरीचा तुकडा आणून हातावर ठेवला. रमा धावत परत आली, पण आईला तो खाववला नाही, एवढी ती खचली होती. आई गेली.

आई गेली तरी हाल संपले नाहीत. मसण तीन मैलांवर आणि खांदा द्यायला माणूस नाही. शेवटी दोघा ब्राह्मणांना कणव आली आणि ते आले. दोघे ते, तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमा. उंचीला ती लहान, तिच्या बाजूने तिरडी खाली जायची, म्हणून तिने आपला भार डोक्यावर घेतला. आईला अशी डोक्यावर घेऊन मुलगी तीन मैल चालली. पुढे थोरली बहीणही गेली आणि भाऊ-बहीण दोघेच उरले.

मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या सगळ्या हकिगतीत रमाबाईंनी ज्यांनी हाकललं त्यांचा उल्लेख केला आहेच, पण ज्यांनी दिलं त्यांनाही त्या विसरलेल्या नाहीत. लिहिलं तेव्हा त्या दुसऱ्या धर्मात गेलेल्या होत्या, जगभर त्यांचं नाव झालं होतं. तरीसुद्धा तो तरुण ब्राह्मण, ती भाकर देणारी बाई आणि ते खांदा देणारे दोघे, यांची आठवण त्यांनी जपून ठेवली. ही सगळी माणसं हिंदूच होती. म्हणजे एका धर्मात दया आणि दुसऱ्यात नाही, असा हिशेब या गोष्टीत कुठेच बसत नाही.

मग त्यांची जुनी श्रद्धा गेली कशाने? नुसत्या दुष्काळाने नव्हे. आईवडील गेल्यावर हे भाऊ-बहीण पायी सारा देश फिरले. पंजाब, काश्मीरपर्यंत गेले. श्रीनिवासला महिना चार रुपयांची नोकरी मिळाली तर तेवढ्यावर राहिले. धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खाल्लं. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. एवढं करून तीर्थं केलीच. हिमालयात एका सरोवरात सात डोंगर तरंगतात, पुण्यवान माणसाजवळ ते आपोआप येतात, अशी ख्याती होती. श्रीनिवासने पहाटे पाण्यात उतरून पाहिलं तर ते मातीदगड आणि झाडं रचलेले तराफे निघाले, मागून पुजारी ढकलत होते. अशा गोष्टी एकावर एक साठत गेल्या आणि लहानपणापासूनची श्रद्धा झिजत गेली. तिच्या जागी दुसरं काही लगेच आलं नाही. जागा रिकामीच राहिली.

१८७८ मध्ये ही दोघं कोलकात्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. एवढा मान त्या काळात दुसऱ्या कुठल्या बाईला मिळाला असेल? इथेच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची सभा पाहिली. लोक खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसलेले बघून, हे खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असं दोघांना वाटलं! कुणी संस्कृतातलं बायबल भेट दिलं. भाषा चमत्कारिक वाटली आणि त्यात त्यांचं मन रमलं नाही. म्हणजे पुस्तक हातात आलं म्हणून धर्म बदलला, असंही झालेलं नाही. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिले, तेही त्यांनी वाचले.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेरचं, नोंदणी पद्धतीचं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. चोविशीही पूर्ण झाली नव्हती, मांडीवर तान्ही मुलगी आणि मागे-पुढे कुणी नाही. त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मित्रमंडळींनी त्यांना हात दिला. आर्य महिला समाज निघाला. स्त्रियांच्या शिक्षणासाठी हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, बायकांना तपासायला बायकाच डॉक्टर हव्यात हे ठासून सांगितलं. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं. त्याच पुस्तकाच्या पैशांवर, स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून, त्या १८८३ मध्ये लेकीला घेऊन इंग्लंडला निघाल्या. पुण्यात ज्यांचं काम होतं अशा वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरणार होत्या. राहण्याच्या बदल्यात त्या तिथल्या हिंदुस्थानात येऊ घातलेल्या भगिनींना आपली भाषा शिकवणार होत्या. धर्म बदलायचा त्यांचा विचार नव्हता, आणि तसं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

तिथे गेल्यावर पहिलं दुःख म्हणजे कान. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे डॉक्टरीचं शिक्षण शक्य नाही असं ठरलं. दुसरं त्याहून मोठं. त्यांच्याबरोबर आनंदीबाई भगत म्हणून एक बाई गेल्या होत्या. परक्या देशात, धर्माच्या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला आणि त्यांनी तिथे जीव दिला. रमाबाईंना हा धक्का केवढा बसला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्याच वर्षी त्यांना लंडनजवळच्या फुलम इथे भगिनींचं काम बघायला नेलं. तिथे एक घर होतं. समाज ज्यांना पतित म्हणतो, वाईट चालीच्या म्हणून ज्यांना दार लावून घेतो, अशा बायकांसाठीचं घर. रमाबाईंनी पाहिलं, की चांगल्या घरातल्या भगिनी या बायकांची उठबस करत आहेत. त्यांच्याशी हळू आवाजात, मानाने बोलत आहेत. आणि ज्या बायका पूर्वी रस्त्यावर होत्या त्यांतल्या काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत आहेत. त्यात चमत्कार म्हणावा असं काहीच नव्हतं. स्वच्छ खोल्या, जेवण, काम आणि बोलण्यातला मान. पण रमाबाईंनी आजवर जे शास्त्र ऐकलं होतं, जो समाज पाहिला होता, त्यात पाय घसरलेल्या बाईला फक्त शिक्षा होती. तिला कुणी असं वागवतं, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. तुम्ही हे कशासाठी करता, असं त्यांनी एका भगिनीला विचारलं.

त्या भगिनीने त्यांना येशूची आणि शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ही गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही बाईला चटकन कळेल अशी आहे. भर दुपारची वेळ, गावाबाहेरची विहीर. एक बाई एकटीच पाण्याला आलेली. तिच्या जमातीच्या हातचं ज्यू लोक पाणी पीत नसत. शिवाय तिचे पाच नवरे झालेले, आताचा तर नवराही नाही. अशा बाईकडे येशू प्यायला पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माच्या गोष्टी बोलतो. शिष्य परत येतात आणि चकित होतात. बस, एवढीच गोष्ट. पुढे रमाबाईंनी लिहिलं आहे, की इथे त्यांना काहीतरी खरं सापडल्यासारखं वाटलं.

आता हेही सांगायला हवं, की नुसत्या भावनेच्या भरात त्यांनी निर्णय घेतला नाही. मूळचे काशीचे पंडित आणि पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी त्यांची चर्चा झालेली होती, पत्रं होती. त्या विद्वान होत्या, त्यांना मुद्दा पटल्याशिवाय चैन पडत नसे. पण डोक्याला पटणं वेगळं आणि मन वळणं वेगळं. मन वळलं ते फुलमच्या त्या घरात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इकडे महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला म्हणता! जे कालपर्यंत त्यांच्या संस्कृतचं कौतुक करत होते त्यांनी पाठ फिरवली. जोतीराव फुल्यांसारखे थोडे लोक मात्र जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि गंमत म्हणजे तिकडे विलायतेतही रमाबाई काही मुकाट्याने मान तुकवणाऱ्या निघाल्या नाहीत. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला आणि माझ्या लोकांना न कळणारी, संस्कृतात लिहा, असा त्यांचा आग्रह. धर्ममतांवरून भगिनींशी त्यांचे वाद झाले, लांबलांब पत्रं गेली. ज्यांनी आपल्याला प्रेमाने वागवलं त्यांचे उपकार त्या मानत होत्या, पण उपकाराखाली आपली बुद्धी गहाण ठेवायला तयार नव्हत्या. हे आपल्या बायकांना शिकण्यासारखं आहे. कुणी आपलं भलं केलं की त्याचं सगळंच ऐकलं पाहिजे, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, ते आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. फिलाडेल्फियाच्या त्या वैद्यकीय कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंना आपलंसं केलं. रमाबाई जवळजवळ तीन वर्षं तिकडे गावोगाव बोलत फिरल्या. हिंदुस्थानातल्या बालविधवांची हकिगत सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघालं. ठिकठिकाणी त्यांच्या नावाची मंडळं निघाली. सभासद होणाऱ्याने दहा वर्षं, वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा. आपल्या बचतगटासारखंच म्हणा ना! ज्यांनी हिंदुस्थान कधी बघितला नव्हता, बालविधवा म्हणजे काय हेही ज्यांना माहीत नव्हतं, अशा बायकांनी एकेक डॉलर काढून दिला. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. त्यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, त्याच आनंदीबाई कर्वे, म्हणजे आपल्या बाया कर्वे. रमाबाईंच्या घरात इतकी वर्षं राहूनही त्या हिंदूच राहिल्या. पुढे कर्व्यांच्या संस्थेसाठी त्या पायाला भिंगरी लावून वर्गणी गोळा करत हिंडल्या आणि माझे पुराण हे आत्मचरित्रही त्यांनी सांगितलं. रमाबाईंच्या मायेने त्यांचा धर्म बदलला नाही, पण केस काढलेल्या विधवेचं आयुष्य संपलेलं नसतं, ही श्रद्धा मात्र त्यांना तिथे मिळाली. मला तर वाटतं, तीही काही लहानसहान श्रद्धा नव्हे.

१८९३ हेच वर्ष वादाचंही. रमाबाई पहाटे प्रार्थनेला बसत तेव्हा काही मुली आपण होऊन तिथे जाऊन बसायच्या, दार उघडं असायचं. त्यावरून वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंवरच्या त्या टीकेत तथ्य किती, यावर आजही दोन मतं आहेत. पुढे त्यांच्या संस्थेत बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या हे खरं आहे, आणि काहींना ते पटत नाही हेही खरं. पण मुली काढून नेणाऱ्यांपैकी कितींनी त्यांच्या शिक्षणाची दुसरी सोय केली, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या डोळ्यांपुढे ते जंगल, ती अकरा दिवसांची उपासमार उभी राहिली. हातात पैसा नव्हता तरी त्या निघाल्या. अनाथ मुली आणि विधवा यांना घेऊन परत आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. नंतर गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या जवळपास बायका-मुली होत्या. म्हातारीकोतारी, अंध, अपंग, कुणालाच नाही म्हटलं गेलं नाही. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवलं. हातमाग, तेलाचा घाणा, गाईगुरं, छापखाना, सगळं बायकाच चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल लिहायला घेतलं, आणि त्याच्या छपाईचं काम याच मुलींनी केलं.

आणि याच मुक्तीमध्ये एक वेगळं घर होतं, कृपा सदन. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. फुलमला एका दुपारी जे पाहिलं होतं, ते रमाबाईंनी केडगावच्या उन्हात उभं केलं. मला या सगळ्या कथेत हे कृपा सदन सगळ्यात मोठं वाटतं. कारण आपण बायका गरिबाला पटकन मदत करतो, अनाथ पोराला जवळ घेतो. पण नावाला डाग लागलेल्या बाईसमोर आपलंही दार जरा हळूच उघडतं. आमच्याकडे येणाऱ्या बायकांत जिच्याबद्दल गावात काहीबाही बोललं जातं, तिला शेजारी बसवून चहा देताना मंडळातल्या भल्याभल्या जणी चुळबुळतात, हे मी बघते. आणि त्या बाईलाही ते बरोबर कळतं. मग तिला समजावण्याचे आमचे चार शब्द वाया जातात. पण कुणी एकीने न बोलता आपल्या कपाशेजारी तिचा कप ठेवला, की ती बोलायला लागते.

१९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. एकुलती एक लेक, हाताशी आलेली. रमाबाई खचल्या, पण भाषांतराचं काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. केडगावची संस्था आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं.

श्रद्धेवर आपल्याकडे प्रवचनं खूप होतात. ग्रंथ असतात, सप्ताह असतात, आताशा मोबाइलवरही सकाळ-संध्याकाळ सुविचार येतात. त्यांचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. पण रमाबाईंचं चरित्र वाचून मला एवढं कळलं, की अडल्या माणसाला देवाची पहिली ओळख होते ती समोरच्या माणसाच्या वागण्यातून. देवळातून हाकललं तर देवच हाकलतोय असं वाटतं. आणि कुणी जात, गोत, चालरीत न विचारता हातावर भाकर ठेवली, तर त्या भाकरीतही देव दिसतो. मग त्या देवाला नाव कुठलं द्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ती बाजरीची भाकर देणारी बाई आपल्या कामाला लागली असेल, संध्याकाळपर्यंत विसरूनही गेली असेल. दारात रडणारी ती पोर पुढे दोन हजार जणींची चूल पेटवणार आहे, हे तिला कुठून कळणार? आपल्यालाही कळत नसतंच. म्हणून, मैत्रिणींनो, पुढच्या वेळी दारात, बसमध्ये नाहीतर दवाखान्याच्या बाकावर कुणी अवघडलेली बाई दिसली, तर आधी पाणी विचारू या. तिचं नाव-गाव नंतर.